टेकलंय, पण बसलं नाय

मी बोईसरला गेले ती हेव्यापोटी, हे आधीच सांगून टाकते. लोक बोईसरला नोकरीसाठी जातात, नाहीतर नातेवाइकांकडे जातात. फिरायला म्हणून सहसा कुणी जात नाही. सांगलीत शेजारच्या काकूंना मी "चार दिवस बोईसरला चाललेय" म्हटलं, तर त्यांनी लगेच "कोण आजारी आहे?" असं विचारलं. आजारी कुणी नव्हतं. माझ्याच पोटात गेली बावीस वर्षं दुखत होतं आणि त्या दुखण्याचं नाव सुनंदा.

सुनंदा आणि मी वसतिगृहात एका खोलीत राहायचो, एकाच सरांच्या हाताखाली संशोधन करायचो. विषयही एकच. दोन वस्तू एकमेकींवर ठेवल्या की त्या नेमक्या कुठे टेकतात आणि तिथे किती दाब पडतो, हे गणितानं काढायचं. ऐकायला सोपं आहे. पण कुठे टेकतात हे कळल्याशिवाय दाब काढता येत नाही, आणि दाब कळल्याशिवाय कुठे टेकतात ते कळत नाही. हातात नियम एवढाच, की फट असेल तिथे दाब शून्य आणि दाब असेल तिथे फट शून्य. दोन्ही एकदम कुठेच नाहीत. पुस्तकात याला रेषीय पूरकतेचा प्रश्न असं भारदस्त नाव आहे, पण मामला सगळा असा फट आणि दाब यांच्या सवतीमत्सराचा.

सुनंदाचा प्रोग्राम एका बिंदूपाशी अडला. तो बिंदू कळल्याशिवाय मी प्रबंध लिहिणार नाही, असं ती म्हणाली, आणि मग लग्न करून नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, बोईसरला निघून गेली. माझा प्रोग्राम चालला. मला पदवी मिळाली, कॉलेजात नोकरी मिळाली. सर निवृत्त झाले त्या समारंभात मी नवी रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. सर भाषणात म्हणाले, "दोन वस्तू टेकतात म्हणजे काय होतं, हे माझ्या विद्यार्थ्यांत एकटीला कळलं होतं. ती अर्ध्यातनं निघून गेली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता इतक्या वर्षांनी विद्यार्थ्यांसाठी मी या विषयावर मराठीत एक पुस्तक लिहिलं. चौथं प्रकरण म्हणजे माझ्या प्रबंधातलं मुख्य उदाहरण. एका मोठ्या पंपाच्या दोन भागांचा सांधा कुठे कुठे टेकतो, ते त्यात काढलंय. पुस्तक छपाईला जायच्या बेतात असताना प्रकाशकांकडच्या तपासनीस गृहस्थांनी ते उदाहरण स्वतः सोडवून बघितलं आणि कळवलं, "तुमचा सांधा आमच्याकडे बसत नाही. एक बिंदू सारखा टेकतो, सुटतो, टेकतो, सुटतो. प्रोग्राम थांबतच नाही." उत्तराला आठ दिवसांची मुदत होती. प्रकरण गेलं तर पुस्तक जाणार, आणि पुस्तकाबरोबर बावीस वर्षांची अब्रूही. मी सुनंदाला फोन केला आणि म्हणाले, "किती दिवसांत भेट नाही गं."

बोईसर

गाडीच्या प्रवासाचं काही सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सुनंदा स्टेशनवर घ्यायला आली होती. तिला बघून पहिला विचार आला तो हा, की ही माझ्यापेक्षा कमी म्हातारी झालीय. केस पांढरे आहेत पण रंगवलेले नाहीत, आणि तिला ते शोभतातही. चेहरा उन्हानं रापलाय. हाताची बोटं मात्र गवंड्यासारखी झालीत, नखांच्या कडांना निळं काहीतरी लागलेलं. तेवढं बघून मला जरा बरं वाटलं.

स्टेशनबाहेर रिक्षावाले "कुंभवली नाका? एक सवारी और, फिर निकलते हैं" असं ओरडत होते. हवेत एक आंबूस वास होता. "हा कसला?" विचारलं तर सुनंदा म्हणाली, "कसला? मला नाही येत." वीस वर्षांत तिचं नाक बोईसरचं झालं होतं. पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसेस भरून येत होत्या आणि फुटपाथवर आदिवासी बायका वालाच्या शेंगा आणि कंदांचे वाटे लावून बसल्या होत्या. आमच्याकडच्या बाजारात विकणारा ओरडतो. इथे त्या बायका काही बोलत नव्हत्या, गिऱ्हाइकाकडे नुसत्या बघत होत्या आणि विक्री होत होती.

चहाला एका हॉटेलात बसलो. टेबल डुगडुगत होतं. तीन पाय जमिनीवर, चौथा अधांतरी; कोपर ठेवलं की तो टेकायचा आणि समोरचा उचलायचा. मी सवयीनं पर्समधून कागद काढला, त्याची घडी केली आणि पायाखाली सारायला वाकले. तेवढ्यात सुनंदानं दोन्ही हातांनी टेबल धरून जरासं फिरवलं, आणखी थोडं फिरवलं, आणि चारही पाय बसले. चहा सांडला नाही. "फरशी वाकडी असली की पायाखाली काही घालायची गरज नसते, थोडं फिरवून बघायचं," ती म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला उगीचच आठवली, आणि हातातली कागदाची घडी मी गुपचूप पर्समध्ये टाकली.

तिचं घर दोन खोल्यांचं. नवरा भला माणूस आहे. "या ताई, आरामात राहा" म्हणाला आणि डबा घेऊन पाळीच्या बसला गेला. मला वाटलं होतं, सुनंदा एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करत असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती कुंभवलीला पंपदुरुस्तीचा वर्कशॉप चालवते. नकाशे काढायला म्हणून लागली आणि मालक म्हातारे झाल्यावर त्यांनी सगळा कारभार तिच्यावर टाकला. जेवताना तीनदा फोन वाजला. तिन्ही वेळा पलीकडचा माणूस घाबरलेला आणि ही शांत. माझा फोन वाजतो तो परीक्षेच्या वेळापत्रकासाठी.

जेवण झाल्यावर कपाटात मला माझा प्रबंध दिसला. पदवी मिळाली तेव्हा मीच तिला टपालानं पाठवला होता. का पाठवला होता हे मला चांगलं आठवतं, आणि ते काही मैत्रीपोटी नव्हतं. दमट हवेनं तो फुगला होता. मी त्याला हात लावला नाही.

कुंभवली

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप. पत्र्याची उंच शेड, ग्राइंडरचा आवाज, दारात लिंबू-मिरची. मधल्या ओट्यावर एका कारखान्याचा पंप दोन भाग उघडून ठेवलेला होता. मी बघतच राहिले. माझ्या चौथ्या प्रकरणातला सांधा, फक्त लोखंडाचा. बावीस वर्षं मी ज्यावर लिहिलं, शिकवलं, त्याला हात मात्र आज पहिल्यांदा लावत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

ओट्यापाशी भास्करभाऊ होते. किनाऱ्यावरच्या घिवली गावचे, साठीच्या पुढचे, वर्कशॉपातले सगळ्यांत जुने फिटर. सुनंदानं ओळख करून दिली, "या माझ्या मैत्रीण, कॉलेजात हेच शिकवतात." भाऊंनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमी निळा लावता का कुणाकडून लावून घेता?"

निळा म्हणजे तेलात कालवलेला घट्ट निळा रंग, बूटपॉलिशसारखा डबीत असतो. सांध्याच्या एका बाजूला तो पातळ फासायचा, दुसरा भाग त्यावर उतरवायचा, केसभर हलवायचा आणि उचलायचा. जिथे निळं उमटलं तिथे टेकतंय. उमटलं नाही तिथे फट आहे. मग टेकणारे उंचवटे हातानं तासायचे आणि पुन्हा निळं लावायचं, असं दिवसभर. फट किती आहे हे बघायला पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना ते फिलर म्हणतात. "निळा लागला थितं फिलर जात नाय, आन् फिलर गेला थितं निळा लागत नाय," भाऊ म्हणाले. माझं पहिलं प्रकरण बत्तीस पानांचं आहे. त्यात याहून जास्त काही नाही.

"लावून बघता का?" भाऊंनी डबी पुढे केली. नाही कसं म्हणणार? मी पदर खोचला आणि चांगलं मन लावून, एकही जागा सुटणार नाही असं निळं लावलं. क्रेननं वरचा भाग उतरवला, हलवला, उचलला. सगळीकडे निळं उमटलं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी खुशीत सुनंदाकडे बघितलं आणि म्हणाले, "हा सांधा तर पूर्ण बसलाय की."

ग्राइंडरवरच्या माणसानं मशीन बंद केलं आणि तोंड फिरवून हसायला लागला. भाऊ हसले नाहीत. चिंधीनं माझं निळं पुसत म्हणाले, "नवीन मानूस ह्योच घोळ करतो, बाय. निळा जाड लावला का सगळंच टेकलेलं दिसतं. थितं फट हाय, पन फटीत निळा भरलाय. बोटाला लागला का नाय लागला, इतकाच लावायचा." त्यांनी पुन्हा लावला, इतका पातळ की लोखंड आतून दिसत होतं. या वेळी उजवा कोपरा कोराच राहिला. हातच्या काकणाला आरसा कशाला. तिथे फिलरची पट्टी सरळ आत गेली.

मी तिथल्या स्टुलावर बसले. सुनंदानं पाणी दिलं. तिला वाटलं उकाड्यानं झालं.

उकाड्यानं काही झालं नव्हतं. माझ्याही प्रबंधात सांधा या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण बसला होता. माझ्याही प्रोग्रामात तेव्हा एक बिंदू टेकत होता, सुटत होता, अगदी सुनंदाच्या बिंदूसारखाच. सुनंदा त्या बिंदूपाशी बसून राहिली. मी एका दुपारी, फट किती बारीक असली की ती नाहीच असं धरायचं, तो आकडा वाढवला. थोडा वाढवला, भागलं नाही म्हणून आणखी वाढवला. बिंदू गप्प झाला आणि सांधा सुरेख बसला. मी ती दुपार विसरले होते असं म्हटलं तर खोटं ठरेल. मी तिच्याकडे बघायचं बंद केलं होतं. पुस्तक लिहिताना प्रोग्राम नव्यानं न चालवता जुने आकडे उतरून काढले, तेही त्यामुळेच. तपासनीसांनी नेहमीचा बारीक आकडा घालून उदाहरण चालवलं, आणि माझा जाड निळा पुसला गेला.

दुपारी डबे उघडले तेव्हा मी काहीच झालं नसल्यासारखं विचारलं, "सुनंदा, तुझा तो बिंदू पुढे सुटला का गं?"

"सुटला की. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी. भाऊंनी सोडवला." तिनं कोऱ्या कोपऱ्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे निळ्याची पुसटशी सावली होती, लागलीय म्हणावी तर नाही, नाही म्हणावी तर आहे. "भाऊ, ही जागा कशी आहे?"

भाऊंनी घास गिळला. "थितं टेकलंय, पन बसलं नाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे फिलर जात नाय, पन वजन पन घेत नाय. नुसता टेकलाय. तिला हात लावायचा नाय. तासला तर फट पडल, नाय तासला तरी चालल. नवीन मानूस तिला सारका तासतो न् सारका निळा लावतो, दिवस जातो."

फट शून्य आणि दाबही शून्य. आम्हाला वाटायचं, प्रत्येक बिंदूला दोनपैकी एक बाजू घ्यावीच लागते. या बिंदूला कुठल्याच बाजूचं काही नव्हतं. त्याला कुठेही घाला, उत्तर तेच. प्रोग्राम त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता म्हणून तो पुन्हा पुन्हा फिरत होता. विचारणं थांबवलं की झालं. सुनंदानं हे दोन ओळींत सांगितलं आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली. बावीस वर्षं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या काही त्या लोणच्याच्या नव्हेत. हिनं यावर एक ओळ छापली नव्हती. छापली असती तर मी निदान वाचून चुका तरी काढल्या असत्या.

संध्याकाळी ती भाजी आणायला खाली गेली आणि मी कपाटातून माझा प्रबंध काढला. सांध्याच्या आकृतीचं पान आपोआप उघडलं. पूर्ण रंगवलेल्या त्या आकृतीच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा निळा ठसा होता, जुना, फिकट झालेला.

घिवली

तिसऱ्या दिवशी रविवार होता. भास्करभाऊंनी जेवायला बोलावलं होतं, म्हणून आम्ही दोघी घिवलीला गेलो. माडांखालची घरं, बांबूच्या दांड्यांवर वाळणारे बोंबील, आणि पलीकडे वीज केंद्राच्या इमारती. समुद्र मी आजवर कोकणातल्या सहलींत बघितलेला. तिथे तो बघण्यासाठी असतो. इथे त्याच्याकडे पाठ करून बायका जाळी विणत होत्या.

भाऊंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करत होत्या. आमची ज्वारीची भाकरी थापून, आपटून होते. ही उकडीची, मऊ, पांढरीशुभ्र; जिथे तवा लागला तेवढेच तपकिरी डाग. आता मला सगळीकडे तेच दिसत होतं. ओल्या बोंबलांचं कालवण होतं. काटे काढायला मी सुरुवात केली तर वहिनी म्हणाल्या, "आवो, बोंबलाला काय काटा? तसाच खावा." मी तसाच खाल्ला. सुनंदानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिला इथे कुणी वाढावंही लागत नव्हतं, स्वतः उठून घेत होती. मला मात्र चारचारदा आग्रह होत होता. आग्रह परक्याला करतात, हे मला तेव्हा नीट कळलं.

जेवणानंतर आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. परतीची गाडी संध्याकाळची होती आणि प्रकाशकांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी एकदम म्हणाले, "तुझ्या अंगठ्याचा ठसा बघितला मी."

ती पुढे चालत राहिली. मी तिला गाठलं.

"तुला एवढी वर्षं माहीत होतं. का बोलली नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?" ती म्हणाली. मग थोडं चालल्यावर म्हणाली, "ते खरं कारण नाही. मला बरं वाटायचं."

"कशानं?"

"तुझी पदवी जाड निळ्यावर उभी आहे आणि हे फक्त मला माहीत आहे, यानं. तू प्रबंध पाठवलास तेव्हा मी इथे नवीन होते, ओळखीचं कुणी नाही. तुझ्यामुळे इतका जळफळाट व्हायचा माझा, की विचारू नकोस. मग रात्री ते पान उघडून बघायची. ठसा तेव्हाचाच. चारेक वर्षं चाललं असेल तसं."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो लिहायला लाज वाटते, पण झाला. तीही जळत होती. म्हणजे इतकी वर्षं आमचं दोघींचं बरोबरीत चाललं होतं. मी अधीर होऊन विचारलं, "आणि मग?"

"मग काय?" ती वाळूत बसून चपलेचा बंद नीट करू लागली. "मग वर्कशॉपचं काम वाढलं. विसरून गेले गं. परवा तुझा फोन आला तेव्हा आठवलं."

लाटा दूर होत्या. मी उभीच राहिले. पदवी माझी, नोकरी माझी, पुस्तक माझं. आणि ही माझा हेवा करायचंसुद्धा विसरून गेली होती. मला तिच्या हुशारीचा कधी वाटला नसेल इतका हेवा तिच्या त्या विसरण्याचा वाटला.

सांगली

घरी आल्यावर मी प्रकाशकांना पत्र लिहिलं, की चौथं प्रकरण थांबवा, तपासनीसांचं बरोबर आहे. मग उदाहरण नव्यानं सोडवलं, निळं पातळ लावून. उजवा कोपरा कोरा निघाला आणि त्याच्या कडेचा तो एक बिंदू नुसता टेकलेला. त्याला मी काही विचारलं नाही. प्रकरणाच्या सुरुवातीला दोन वाक्यं घातली: हे उदाहरण मी माझ्या प्रबंधात चुकीचं सोडवलं होतं, बरोबर कसं सोडवायचं ते मला सुनंदाताई आणि भास्करभाऊ यांनी दाखवलं. आमचे विभागप्रमुख ते वाचून म्हणाले, "मॅडम, याची काही गरज होती का? झाकली मूठ होती." मी म्हटलं, "मूठ झाकलेली होती, पण बोटं निळी झाली होती." त्यांना काही कळलं नाही. निळं खरोखरच आठवडाभर गेलं नाही, विद्यार्थी विचारत होते, "मॅडम, कुठलं मतदान?"

नवी आकृती आणि ती दोन वाक्यं मी सुनंदाला फोनवर पाठवली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "भाऊंना दाखवली. म्हणतात, बायला सांगा, आता निळा बरोबर लागलाय."

तिचं स्वतःचं काय मत, ते तिनं लिहिलं नव्हतं. ते येईल म्हणून मी अजून दिवसातून दोनदा फोन बघते.